अंतिम फेरी, शेवटची फेरी आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींची मराठी

मूळ प्रश्न

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. लेखाचा नायक अर्थातच एमिल झातोपेक. चेकोस्लोव्हाकियाच्या या सैनिकाने आठ दिवसांत तीन सुवर्णपदकं घेतली. २० जुलैला १०,००० मीटर (२९ मिनिटं १७.० सेकंद), २४ जुलैला ५,००० मीटर (१४ मिनिटं ६.६ सेकंद) आणि २७ जुलैला मॅरेथॉन (२ तास २३ मिनिटं ३.२ सेकंद), तीही आयुष्यातली पहिलीच. तिन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणं त्याच्या आधी कोणाला जमलं नव्हतं, नंतरही जमलेलं नाही.

माहिती हाताशी आहे, अडतंय ते शब्दांपाशी. ५,००० मीटरचा शेवट लिहिताना वाक्य असं उतरलं : ‘अंतिम फेरीच्या अंतिम फेरीत झातोपेक चौथ्या क्रमांकावर गेला.’ वाचणाऱ्याने यातून काय समजायचं? आपली वर्तमानपत्रं हीटला प्राथमिक फेरी म्हणतात, फायनलला अंतिम फेरी म्हणतात आणि मैदानाभोवतीच्या लॅपलाही फेरीच म्हणतात. शंभर मीटरला हे खपून जातं, कारण तिथे लॅपच नसतो. पाच हजारात साडेबारा लॅप असतात आणि दहा हजारात पंचवीस. तिथे प्रत्येक परिच्छेदात घोळ होतो.

तर लॅपला काय म्हणावं? एखाद्याला आख्ख्या लॅपने मागे टाकणं, मध्येच वेग वाढवून सोबतच्याला तोडणं, शेवटच्या दोन-तीनशे मीटरला सगळं पणाला लावणं, यांना रुळलेले शब्द आहेत का? पेसला ‘वेग’ पुरतो का? आणि झातोपेकला धावक म्हणावं की धावपटू?

प्रतिसाद १

खेळाच्या पानावर बरीच वर्षं काम केलं आहे, तेव्हा या ‘फेरी’शी रोजचीच गाठ होती. बॅडमिंटन, कुस्ती, टेनिस यांमुळे फेरी हा शब्द राउंडसाठी इतका पक्का झाला आहे की तो आता हलणार नाही. म्हणून हलवायचा तो लॅपचा शब्द. माझा कौल ‘फेरा’ला.

फेरी म्हणजे बाहेर पडून हिंडून येणं : प्रभातफेरी, फेरीवाला, बाजारातून एक फेरी मारून येणं. वाट ठरलेली असेलच असं नाही. फेरा मात्र जिथून सुरू झाला तिथेच येऊन मिटतो. चौऱ्यांशीचा फेरा म्हणतो तो याच अर्थाने. ४०० मीटरच्या बंद मार्गाला हा अर्थ नेमका बसतो. ‘साडेबारा फेरे’, ‘विसावा फेरा’, ‘दर फेऱ्याला सत्तर सेकंद’ हे सगळं सरळ वाचता येतं.

आणखी एक. धावण्याच्या फायनलला ‘अंतिम फेरी’ म्हणायचीही गरज नाही. ‘अंतिम शर्यत’ म्हणा, ‘प्राथमिक शर्यत’ म्हणा. हेलसिंकीत ५,००० मीटरच्या प्राथमिक शर्यती झाल्या होत्या, पण १०,००० मीटरला थेट एकच शर्यत होती. तिथे ‘झातोपेकने अंतिम फेरीत बाजी मारली’ असं छापलं तर ते चूकच. आधीची फेरी होतीच कुठे?

प्रतिसाद २

फेरा मला खटकतो. दुष्काळाचा फेरा, साडेसातीचा फेरा, जन्ममरणाचा फेरा. मराठीत माणूस फेऱ्यात सापडतो आणि सुटायची वाट बघतो. जिंकणाऱ्या माणसाच्या वर्णनात हा शब्द कशाला? ‘प्रदक्षिणा’ किती प्रसन्न आहे! ‘पंचवीस प्रदक्षिणा’ म्हटलं की चित्रही डोळ्यांपुढे उभं राहतं.

प्रतिसाद ३

प्रदक्षिणा चालणार नाही, आणि कारण अगदी ठोस आहे. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला राहतो, शब्दातच ‘दक्षिण’ आहे. धावण्याच्या शर्यतीत मैदानाची आतली कड डाव्या हाताला असते. म्हणजे सगळे धावणारे प्रदक्षिणेच्या बरोबर उलटे धावतात. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने झाल्या होत्या. तेवढ्यापुरता हा शब्द शोभला असता. पुढे डावा हात आत हाच नियम झाला.

‘चक्कर’ही नको. ‘अठराव्या चकरेत’ म्हटलं की वाचक घेरी आली म्हणून थांबतो, आणि या शर्यतींत खरोखरच घेरी येऊन पडणारे असतात.

फेऱ्याच्या अशुभपणाबद्दल : लग्नातलेही सात फेरेच. शब्दाला दोन्ही बाजू आहेत.

प्रतिसाद ४

मी तालुक्याच्या गावी मुलांना पळायला शिकवतो. आमच्या मैदानावर काय बोलतात ते सांगतो, मग तुम्ही लेखात काय घ्यायचं ते ठरवा.

पहिली गोष्ट, आमच्याकडे कोणी ‘धावत’ नाही, सगळे ‘पळतात’. ‘सकाळी पळायला येतोस का?’ ‘तो लई चांगला पळतो.’ शहरातल्या छापील मराठीत पळणं म्हणजे पळून जाणं, पळ काढणं, पळपुटा. गावात तसं अजिबात नाही. पोलीस भरतीची मुलं सोळाशे मीटर पळतात आणि त्या अंतरालाच नाव पडलं आहे : ‘सोळाशे’. ‘सोळाशे किती मिनिटात मारतोस?’ हा आमच्याकडे ओळख झाल्यावरचा दुसरा प्रश्न असतो. तसंच ‘आठशे मारलं’, ‘पाच हजार मारलं’. अंतर मारायचं असतं, मजल मारतात तसं. हा वापर जुना आहे आणि अस्सल आहे, तो लेखात आलाच पाहिजे.

लॅपला मुलं ‘राउंड’ म्हणतात. फेरा कोणी म्हणत नाही, पण सांगितला तर कळतो. एक राउंड मागे पडला की ‘त्याला लॅप पडला’ म्हणतात. लेखात ‘फेऱ्याने मागे टाकलं’ लिहा, कोणालाही समजेल. १९४८ ला लंडनमध्ये झातोपेकने १०,००० मीटरला बहुतेकांना असंच आख्ख्या फेऱ्याने मागे टाकलं होतं. त्याची वेळ २९ मिनिटं ५९.६ सेकंद आणि दुसरा आलेल्या फ्रान्सच्या आलँ मिमूनची ३० मिनिटं ४७.४ सेकंद. ४७.८ सेकंदांचा फरक! दुसरा आलेला माणूस शेवटचं वळण घेऊन समोरच्या सरळीत यायच्या कितीतरी आधी पहिल्याची शर्यत संपलेली होती. हो, ट्रॅकच्या लांब बाजूंना आम्ही ‘सरळ’ म्हणतो, समोरची सरळ आणि मागची सरळ. तुम्हाला लागतील हे शब्द.

आता झातोपेकचा सराव. तो चारशे मीटर जोरात पळायचा, मग दोनशे हळू पळत दम घ्यायचा, परत चारशे. असे एका दिवसात चाळीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त. बर्फात, पायात लष्करी बूट घालून. त्या काळात लोक त्याला वेडा म्हणायचे. आज आमची चौदा वर्षांची पोरगीही हाच सराव करते, अर्थात तिच्या झेपेप्रमाणे. कोणी याला ‘मध्यंतर प्रशिक्षण’ म्हणतात, कोणी ‘खंडित धावसराव’. मैदानावर हे शब्द उच्चारले तर मुलं तोंडाकडे बघतील. आम्ही म्हणतो ‘आज दहा चारशे आहेत’. लेखात पहिल्यांदा नीट समजावून सांगा आणि पुढे ‘चारशेंचा सराव’ एवढंच लिहा.

आणि शेवटची फेरी का शेवटचा फेरा याचा खल कशाला? शेवटच्या राउंडला घंटा वाजवतात. ‘घंटा झाली’ म्हटलं की मैदानावरच्या सगळ्यांना कळतं. तेच लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

‘घंटा झाली’ने माझं निम्मं काम केलं. त्या शर्यतीचा शेवट आता असा लिहिला आहे :

‘अंतिम शर्यतीत घंटा झाली तेव्हा चौघे जण एकमेकांना चिकटून पळत होते. मागच्या सरळीत ब्रिटनचा ख्रिस चॅटवे पुढे निघाला, त्याच्या मागोमाग जर्मनीचा हर्बर्ट शाडे आणि मिमून. झातोपेक चौथा. तिथून तीन पदकांत जागा नव्हती. शेवटच्या वळणावर त्याने बाहेरची बाजू धरली, म्हणजे जास्त अंतर अंगावर घेतलं, आणि तिघांना एकाच दमात ओलांडलं. त्याच वळणावर थकलेल्या चॅटवेचा पाय आतल्या कडेला लागला आणि तो कोसळला. झातोपेक १४ मिनिटं ६.६, मिमून १४ मिनिटं ७.४, शाडे १४ मिनिटं ८.६. चॅटवे उठला आणि पाचवा आला.’

‘एकाच दमात’ सहज आलं, आणि मग लक्षात आलं की दमाचे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याबद्दल कोणी लिहील का? दुसरी अडचण १९५६ च्या मेलबर्नची. सोव्हिएत नौदलातल्या व्लादिमिर कुत्सने १०,००० मीटरला जे केलं त्याला मी ‘वारंवार मुसंडी मारली’ लिहिलं आहे. ते बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद ५

मुसंडीला पुढे कोणीतरी लागतं, म्हणून ते बरोबर वाटत नाही. मुसंडी म्हणजे डोकं खाली घालून घुसणं : रानडुकराची मुसंडी, गर्दीतून मुसंडी, शत्रूच्या गोटात मुसंडी. मागून येऊन फळी फोडणारा मुसंडी मारतो. हेलसिंकीच्या शेवटच्या वळणावर झातोपेकने मारली ती मुसंडी. कुत्स मेलबर्नला बहुतेक वेळ पुढेच होता. त्याच्यापुढे फोडायला कोणी नव्हतंच.

त्या शर्यतीचं कारणही लेखात सांगा, म्हणजे शब्द आपोआप सापडेल. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेत बर्गेन इथे ब्रिटनच्या गॉर्डन पिरीने ५,००० मीटरला कुत्सला हरवून विश्वविक्रम केला होता, १३ मिनिटं ३६.८ सेकंद. कुत्स पुढे पळत राहिला आणि पिरी त्याच्या पाठीला चिकटून राहून शेवटी सुटला. त्याआधी १९५४ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर चॅटवेनेही कुत्सला तसंच शेवटच्या पावलांवर गाठलं होतं, १३ मिनिटं ५१.६ विरुद्ध ५१.७. म्हणजे शेवटच्या सरळीपर्यंत कोणी पाठीवर राहिला तर आपण हरतो, हे कुत्सला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून २३ नोव्हेंबरला मेलबर्नला त्याने पिरीला शेवटापर्यंत येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. एकदम वेग वाढवायचा, पिरी धडपडत जवळ आला की मंद व्हायचं, त्याला पुढे यायची खूण करायची, आणि तो सावरायच्या आत परत वेग वाढवायचा. फेऱ्यामागून फेरे हेच चाललं. शेवटचे चारेक फेरे राहिले असताना पिरी तुटला आणि मागे पडत पडत आठवा आला. कुत्स २८ मिनिटं ४५.६ सेकंदांत जिंकला. पाच दिवसांनी ५,००० मीटरही त्यानेच घेतलं, १३ मिनिटं ३९.६ सेकंदांत, आणि पिरी दुसरा आला.

याला मराठीत ‘हिसका’ आहे. जुंपलेला बैल हिसका देतो तेव्हा शेजारचा फरफटतो, तो हिसका. ‘कुत्स हिसके देत राहिला’, ‘सातव्या हिसक्याला पिरी तुटला’ (आकडा तुम्ही तपासून घाला). ‘तुटणं’ही घ्या, मैदानावर तेच म्हणतात. आणि शेवटच्या जोराला ‘सुटणं’ : ‘घंटा झाली आणि तो सुटला.’ हिसका पुढच्याने द्यायचा, तुटायचं मागच्याने, सुटायचं शेवटी. आख्ख्या शर्यतीचे डावपेच या तीन क्रियापदांत मावतात. ‘अंतिम चढाई’, ‘निर्णायक आक्रमण’ यांची गरज मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद ६

दमाबद्दल. मी शास्त्रीय गायन शिकवते. दम हा फारसीतून आलेला, अर्थ श्वास. त्याच्याशी ‘सास’ जोडून मराठीने ‘दमसास’ केला आणि तो गवयांनी सांभाळला. दमसास म्हणजे नुसता मोठा श्वास नव्हे. श्वास पुरवून वापरण्याची ताकद. लांब तान घेताना शेवटच्या आवर्तनापर्यंत श्वास उरला पाहिजे, तोही सुरात. दहा हजार मीटरच्या पंचविसाव्या फेऱ्याला उरलेली ताकद ती हीच. ‘स्टॅमिना’च्या जागी लोक ‘क्षमता’ किंवा ‘तग धरण्याची शक्ती’ लिहितात, तेव्हा मला वाईट वाटतं. दमसास आहे ना आपल्याकडे!

बाकीचे शब्द मात्र वेगवेगळ्या अवस्थांचे आहेत, ते एकमेकांच्या जागी टाकू नका. धाप लागते ती सुरुवातीलाही लागेल. दमछाक होते ती खूप वेळाने, आणि तीत अंगातलं बळही गेलेलं असतं. दम उखडला म्हणजे लय गेली, आता तो परत बसणार नाही. पिरीचा मेलबर्नला दम उखडला. झातोपेकचे फोटो आणि चित्रफिती पाहिल्या तर चेहरा पिळवटलेला, मान एका खांद्यावर कललेली, जीभ बाहेर. बघणाऱ्याला वाटेल दमछाक झाली, हा आता पडतो. पण पाय एका लयीत पडत असत. त्याची धाप दिसायची, दम मात्र उखडलेला नसायचा. लेखात हे दोन शब्द शेजारी ठेवलेत तर तो माणूस नेमका कळेल.

प्रतिसाद ७

धावक आणि धावपटू. संस्कृतात ‘धाव्’ धातूचे दोन अर्थ आहेत, धावणं आणि धुणं, त्यामुळे तिथे ‘धावक’ धोब्यालाही म्हणतात. आज मराठीत हा अर्थ कोणाच्या मनात येत नाही, तेव्हा तो आक्षेप मी घेत नाही. धावक अलीकडे हिंदी बातम्यांमधून जास्त येतो आहे, एवढंच. धावपटू रुळलेला आहे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो : ती धावपटू, तो धावपटू. मी तोच ठेवेन.

‘लांब पल्ल्याचा’ कृपया बदलू नका. ‘दीर्घ अंतराचा धावपटू’, ‘लांब अंतराचा धावपटू’ असं हल्ली दिसतं. अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधली जागा. पल्ला म्हणजे एखाद्याची पोच : तोफेचा पल्ला, आवाजाचा पल्ला, एसटीची लांब पल्ल्याची गाडी. पल्ला गाठायचा असतो. या खेळाडूंच्या बाबतीत पोचच महत्त्वाची.

स्टीपलचेस, म्हणजे आडवे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची लांब शर्यत, हा शब्द तसाच ठेवा. ‘अडथळ्यांची शर्यत’ हर्डल्सला दिलेलं आहे. साताऱ्याच्या ललिता बाबर आणि बीडच्या अविनाश साबळे यांच्यामुळे स्टीपलचेस हा शब्द घराघरांत गेलेला आहे.

प्रतिसाद ८

पेसला ‘वेग’ पुरत नाही. वेग क्षणाचा असतो, पेस ठरवून राखलेला असतो. मी ‘चाल’ सुचवतो. घोड्याची चाल म्हणतो आपण, आणि ती फक्त चालण्याची नसते. चाल धरली, चाल राखली, चाल मोडली. हेलसिंकीच्या १०,००० मीटरमध्ये झातोपेकची सरासरी चाल दर फेऱ्याला ७० सेकंदांच्या किंचित वर पडते. कुत्सची मेलबर्नची सरासरी ६९. पण झातोपेकच्या तुलनेने सलग चालीचा आणि कुत्सच्या हिसक्यांचा फरक सरासरीत दिसणार नाही, तो शब्दांतच दाखवावा लागेल. मॅरेथॉनमधला तो किस्साही चाल या शब्दाने सुटसुटीत होतो : विश्वविक्रम नावावर असलेल्या जिम पीटर्सला झातोपेकने धावता धावता ‘ही चाल ठीक आहे ना?’ असं विचारलं आणि पीटर्सने ‘मंद आहे’ असं उत्तर दिलं, असं सांगतात. झातोपेक पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत पुरी करता आली नाही.

प्रतिसाद ९

चाल चांगला आहे, पण ‘चाल केली’ लिहू नका, तो हल्ला होतो.

मराठी वाचकाला हेलसिंकी म्हटलं की खाशाबा जाधव आठवतात. २३ जुलैला खाशाबांचं कुस्तीतलं कांस्यपदक आणि दुसऱ्याच दिवशी झातोपेकचं ५,००० मीटर. एका ओळीत हा धागा येऊ द्या, वाचक तिथे पटकन पोचेल. भारताचा सुरतसिंग माथुर त्याच मॅरेथॉनमध्ये धावला आणि ५२ वा आला, हेही. लांब पल्ल्याचा आपला धागा तर आणखी मागे जातो : बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्यांना आणि सदाशिव दातारांना अनेक जण ‘पहिले मराठी धावक’ असं लिहितात. तिथेही धावपटूच करा.

मूळ प्रश्नकर्ती

फेरा, अंतिम शर्यत, घंटा, हिसका, तुटणं, सुटणं, दमसास आणि चाल घेते. ‘पळणं’ निवेदनात सरसकट घ्यायचं धाडस संपादक करू देतील का, ते बघते. तुम्ही सांगितलेलं कारण त्यांना पाठवते आहे. हिसक्याचा आकडा घालणार नाही. एकच उरलं : नावं. झाटोपेक, झॅटोपेक, झातोपेक तिन्ही छापलेली सापडतात.

प्रतिसाद ३

झातोपेक. चेक भाषेतला ‘त’ दंत्य आहे, आपल्या ताकातला. ‘ट’ इंग्रजीच्या वाटेने आला. पहिला स्वर दीर्घ, म्हणून झॅ नको. आणि झ ‘झाड’मधला वाचायचा, ‘माझी’मधला नव्हे. मराठी वाचक ‘झा’ आपोआप तसाच वाचतो, तेव्हा या नावापुरती आपली लिपी इंग्रजीच्या पुढे आहे. रशियन कुत्स मात्र त्-स् जोडूनच लिहा. ‘चमचा’तल्या च ने उच्चार बरोबर येईल, पण ‘कुच’ लिहिलंत तर निम्मे वाचक ‘चिमणी’तला च वाचतील आणि उरलेल्यांना सैन्याचं कूच आठवेल. मिमूनचं पहिलं नाव फ्रेंच आहे, आलँ. ‘अ‍ॅलन’ करू नका.